गोफणवाला येडबा

येडबाच्या आधी त्याच्या आईची तीन लेकरं गेली होती. चौथं तरी जगावं म्हणून तिनं त्याचं नाव मुद्दाम वंगाळ ठेवलं. नाव वंगाळ असलं की लेकराला कुणाची दृष्ट लागत नाही, अशी तिची समजूत. येडबा जगला. वीस वर्षांचा झाला तेव्हा सोनपेठच्या आसपास त्याच्यासारखी गोफण फिरवणारा दुसरा माणूस राहिला नव्हता.

त्याचं गाव बोरथडी, गोदावरीच्या काठाला. गावाबाहेर धनगरांची दहा-बारा घरं. लांडगा मेंढरांत शिरला की बाकीचे आरडाओरडा करत धावायचे. येडबा जागचा हलायचा नाही. कमरेची गोफण सोडायची, नदीतला गुळगुळीत गोटा तिच्यात ठेवायचा, डोक्यावरून दोन फेरे, आणि साठ पावलांवरचा लांडगा एवढासुद्धा आवाज न करता आडवा.

ही कला दिनकररावाच्या नजरेत भरली होती. दिनकरराव गावचा देशमुख. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत, म्हणजे मळईत, त्याचा आणि त्याचा चुलतभाऊ किशनराव याचा निम्मा निम्मा वाटा. मळईची माती अशी की हरभरा नुसता फेकला तरी गुडघ्याएवढा यायचा. दिनकररावाला ती सगळीच हवी होती.

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात एक दिवस भर दुपारी धनगरांचं वाडगं पेटलं. काट्याकुट्यांचं कुंपण, आत नुसती कोकरं, आणि राखणीला येडबाचा बाप सटवाजी. येडबा कळप घेऊन नदीपलीकडं होता. धूर बघून पळत आला तेव्हा म्हातारा चौथ्यांदा आत शिरलेला. दोन्ही काखांत कोकरू घेऊन तो बाहेर आला आणि तसाच खाली बसला. चार दिवस कण्हत होता. पाचव्या दिवशी गेला.

तेरावा झाला तसा दिनकररावानं येडबाला बोलावून घेतलं. ढाळजेत, म्हणजे दारातल्या बैठकीवर, आपल्या समोर बसवलं. धनगराला तिथं कुणी कधी बसवत नसे.

"चूड कोनी लावली, ठाव हाय का तुला?"

"न्हाई मालक."

"किशनरावानं लावायला लावली. त्याच्या मळईत तुमची मेंढरं शिरत्यात म्हनून. मला सांगायला लाज वाटायली, माझाच भाऊबंद हाय. पन तुझा बाप मेला, आन मी गप बसू का?"

येडबा उठून मेंढरांकडं गेला. दिनकररावानंही जास्त ताणलं नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी बोलवायचा, मेंढरांना आपलं गायरान मोकळं करून द्यायचा, आणि निघताना एवढंच म्हणायचा, "म्हाताऱ्याचा आत्मा कुठं फिरायला असंल, कोन जाने." असं वर्षभर चाललं. शेवटी एक दिवस येडबानंच विचारलं, "किशनराव बाजाराहून कवा येतो?"

किशनराव सोनपेठच्या बाजाराहून घोडीवर यायचा. गावच्या अलीकडं नदीत एक उतार होता. उन्हाळ्यात तिथं घोट्याएवढं पाणी. घोडी पाणी प्यायला थांबली, किशनरावानं लगाम सैल सोडला, आणि दरडीवरून गोटा आला. डाव्या कानशिलात बसला. घोडी एकटीच घरी गेली.

पंचनामा झाला. घोडी बुजली, मालक पडले, दगडावर डोकं आपटलं. अंगठे उठले. किशनरावाची बायको पार्वतीबाई तेव्हा पंचविशीची होती. माहेर पिंगळीचं, लिहितावाचता येणारी. ती पंचांपुढं येऊन म्हणाली, "घोडी कधी बुजत न्हवती. आन मालक उजव्या कुशीवर पडले व्हते. मग जखम डावीकडं कशी?" पंचांनी खाली बघितलं. दुःखानं बाईचं डोकं फिरलंय, असं दिनकररावच म्हणाला, आणि त्यानंच तिला आत न्यायला लावलं.

येडबाला तेव्हा पश्चात्ताप झाला नाही, हे खरं सांगायला पाहिजे. बापाचा सूड घेतला, एवढंच त्याच्या मनात होतं. पण दुसऱ्या दिवसापासून तो दिनकररावाचा झाला. देशमुखाच्या पुढं कुणी वाद घालायला लागला की दिनकरराव सहज म्हणायचा, "येडबाला बोलवा रे जरा." येडबा यायचा, कमरेला गोफण, आणि भिंतीला टेकून उभा राहायचा. बास. बोलणाऱ्याचा आवाज उतरायचा. त्यानं मारला होता एकच, पण गावाला तो दहा जणांचा काळ वाटायचा. त्याला कुणी पोरगी दिली नाही. विहिरीवर बाया त्याला बघून घागर अर्धीच भरून निघायच्या. आणि उतारावर तो कधी मेंढरं पाजायला नेत नसे. कोसभर वर जाऊन पाजायचा.

अशी अकरा वर्षं गेली.

अठ्ठेचाळीस साल उजाडलं. मुलखात गडबड होती, निजामाचं राज्य राहतंय का जातंय कुणाला कळत नव्हतं. पार्वतीबाईनं मात्र तेवढ्यातच परभणीच्या अदालतीत दावा लावला होता. नवऱ्याचा मळईतला वाटा दिनकररावानं दाबला आणि नवऱ्याचा घातच झाला, असं तिनं स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं. वैशाखात तिची जबानी व्हायची होती.

दिनकररावानं येडबाला बोलावलं.

"सोमवारी सकाळी तिची गाडी उतारावरून जानार. जागा तुला दाखवायची गरज न्हाई."

येडबा म्हणाला, "बाईवर मी गोटा उचलत न्हाई."

"बाई न्हाई, फिर्यादी हाय ती. तिच्या तोंडातून आज माझं नाव निघंल, उद्या तुझं. फासावर कोन जानार? मी का तू?"

"मी सूड घेतला व्हता मालक. हिच्याशी माझं काय वैर?"

दिनकररावानं पानाचा विडा गालात सरकवला. "अकरा वर्षं कोनाच्या सावलीत फिरायलास, त्याचा इचार कर. अमीनसायबाला माझा एक शब्द लय झाला." अमीन म्हणजे निजामी पोलिसांचा तालुक्याचा अंमलदार. त्याचं नाव निघालं की गावात कुत्रंही भुंकत नसे.

येडबा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. उठून आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाभळीखाली बसला होता. मेंढरं रवंथ करत होती. देशमुखाच्या घरची सैपाकीण कासाबाई डोक्यावर गवऱ्यांची पाटी घेऊन आली. साठीची विधवा, कमी बोलणारी. पाटी खाली ठेवून ती त्याच्यापासून दोन हात अंतरावर बसली.

"काल अमीन जेवायला व्हता आमच्याकडं," ती म्हणाली. "मी वाढायले व्हते. मालक म्हनाले, बाई पडली की त्या धनगरालाबी तिथंच पाडा. खुनी घावला म्हनून सरकारात तुमचं नाव व्हईल, आन माझ्या मागची कटकट जाईल. उताराजवळच्या बाभळीत तुमची चार मानसं बसवा."

येडबानं विचारलं, "मला कामून सांगायलीस?"

कासाबाईनं पदर तोंडाला लावला. मग काढला. तिला हे पदराआड सांगायचं नव्हतं.

"तुझं वाडगं किशनरावानं न्हाई पेटवलं. माझ्या मालकानं पेटवलं. म्हंजे माझ्या नवऱ्यानं. दिनकररावानं त्याच्या हातात चूड दिली, म्हनाला, कोकरंच हायत, मानूस कोनी न्हाई. आत म्हातारा हाय हे याला ठाव न्हवतं. तवापासून नीट जेवला न्हाई. मरताना मला सांगून गेला. मी दहा वर्षं गप बसले, कारन त्याच घरची भाकर खायले."

एवढं बोलून ती उठली, पाटी स्वतःच डोक्यावर चढवली आणि निघून गेली.

येडबा तिथंच बसून राहिला. मेंढरं उठली, चरायला पांगली, तरी त्याला भान नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढं किशनराव येत होता. घोडीच्या मानेवर हात ठेवून, पाण्याकडं बघत असलेला, निवांत. ज्याच्याशी काही वैर नव्हतं असा माणूस. अकरा वर्षं आपण सूड म्हणून जे उराशी धरलं, ते दिनकररावानं आपल्या हातून काढून घेतलेलं चाकरीचं काम होतं. बापाला मारणाऱ्याच्याच ढाळजेत आपण भिंतीला टेकून उभे राहिलो. त्यानं मेंढरं वळवली आणि तो सरळ चुलत्याकडं गेला.

आश्रुबा त्याचा चुलता. सत्तरीचा, सगळ्या धनगरवाड्यात त्याचा शब्द शेवटचा. येडबानं त्याच्यापुढं सगळं सांगितलं. किशनरावाचं पहिल्यांदा, मग वाडग्याचं, मग सोमवारचं. आश्रुबानं ऐकून घेतलं आणि उठून त्याच्या थोबाडीत मारली.

"ही किशनरावाची," तो म्हणाला. "आता बोल. चुडाव्याला जा, आगगाडीत बस, तिकडं हैदराबादेच्या पल्याड कुठंबी जा. मी वाटंला भाकरी बांधून देतो."

"मी गेलो तर बाईला दुसरा कोनी मारंल."

"मग?"

"मी पळनार न्हाई तात्या. लपनारबी न्हाई. सोमवारी मी उतारावर जानार, पन दरडीवर न्हाई, खाली पान्यात उभा ऱ्हानार. त्यांना मला मारायचं असंल तर सगळ्यांच्या देखत मारू दे."

आश्रुबानं दाढी खाजवली. मग त्यानं विचारलं, "आपल्या सगळ्यांची मिळून मेंढरं किती व्हतील?"

सोमवारी सकाळी पार्वतीबाईची बैलगाडी उताराला लागली. गाडीवान, आत ती एकटी, मांडीवर कागदांचं गाठोडं. गाडीचं चाक पाण्यात उतरलं आणि मागून, पुढून, दोन्ही काठांनी मेंढरं यायला लागली. बोरथडीची, शेजारच्या दोन वाड्यांची, सहाशेच्या वर. बरोबर चाळीसेक धनगर, बायामाणसांसकट. बघता बघता नदीचं पात्र काळंपांढरं झालं. बैल जागीच उभे राहिले. त्या कळपाच्या मधोमध येडबा, डोक्याला काही नाही, दोन्ही हात मोकळे.

तो गाडीपाशी आला. गाडीवान चाबूक उगारून उभा राहिला होता. पार्वतीबाईनं त्याला खाली बसवलं.

"बाईसाहेब," येडबा म्हणाला, "तुमच्या मालकाला मी मारलं. त्या दरडीवरून, गोफणीनं. दिनकररावानं मारायला लावलं. आज तुमाला मारायला मला पाठवलं, आन मग मला मारायला ती मानसं बसवली हायत, बगा त्या बाभळीत."

पार्वतीबाईनं बाभळीकडं बघितलं नाही. ती त्याच्याकडंच बघत होती. तिनं विचारलं, "जखम डावीकडंच व्हती ना?"

"डावीकडंच."

"अकरा वर्षं मी हेच सांगायले. मला येडी म्हनले." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "हे अदालतीत सांगशील?"

"सांगतो."

"मग चल. पन गाडीला हात लावू नको."

तेवढ्यात बाभळीतून अमीन आणि चार शिपाई बाहेर आले. बंदुका होत्या, पण नेम कुठं धरणार? अमीन काठावरून ओरडला, "ये क्या तमाशा लगाए तुम लोगां? मेंढ्यां बाजू हटाव!"

आश्रुबा काठीवर रेलून म्हणाला, "मेंढरं हायत सरकार. माझं ऐकत न्हाईत, तुमचं कसं ऐकतील?"

येडबा पाण्यातून चालत अमीनापुढं गेला आणि दोन्ही हात पुढं केले. "बेड्या घाला. खून केलाय मी. आमी सगळे संगं येतो परभणीला." सगळे या शब्दावर त्यानं जरा जोर दिला. अमीननं एकदा चाळीस धनगरांकडं बघितलं, एकदा गाडीतल्या बाईकडं, आणि बेड्या मागवल्या.

बोरथडी ते परभणी चौदा कोस. एरवी दीड दिवसाची वाट, मेंढरांमुळं तीन दिवस लागले. पुढं गाडी, मागं बेड्यांतला येडबा आणि शिपाई, आणि त्यांच्या भोवती सहाशे मेंढरं. कैदी पळाला म्हणून गोळी घातली, असं म्हणायला जागाच राहिली नाही. वाटेतल्या गावांतून माणसं बघायला यायची, विचारायची, काय केलं यानं? येडबा स्वतःच सांगायचा. पहिल्या गावात आवाज बारीक निघाला. तिसऱ्या गावात नीट निघाला. परभणीच्या वेशीपाशी पोचेपर्यंत त्याचं इतक्या वेळा सांगून झालं होतं की आता ते खोडायची कुणाची ताकद नव्हती. एका मुक्कामाला शिपायांच्याच तोंडून ऐकू आलं की अमीन वैतागून म्हणतोय, याला मारला तर अख्खा मुलूख गवाही देईल.

कच्च्या कोठडीत दिनकरराव भेटायला आला. गजांपाशी तोंड आणून हळूच बोलला.

"मला येड लागलं व्हतं म्हन. बाकीचं मी बघतो. पंधरा दिवसांत बाहेर काढतो."

"नाव येडबा हाय मालक," येडबा म्हणाला. "मी न्हाई येडा."

"तुला फाशी व्हईल."

"व्हवू दे. माझा बाप जळाला तवा त्याला कोनी इचारलं न्हवतं."

दिनकररावाचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पडला. वाडग्याचं याला कळलंय, हे त्याला माहीत नव्हतं.

अदालतीत सगळं उर्दूत चालायचं. दुभाषी मराठीत सांगायचा. दिनकररावाच्या वकिलानं तोच मुद्दा लावून धरला. आरोपी वेडसर आहे, नावावरूनच कळतं. आणि सत्तर पावलांवरून गोट्यानं घोड्यावरचा माणूस मारणं कुणालाच शक्य नाही.

येडबा म्हणाला, "दाखवतो की. वकीलसायबाचा मालक घोड्यावर बसंल का?"

दुभाष्यानं ते उर्दूत सांगताना हसू दाबलं, तरी न्यायाधीशांना कळलंच. त्यांनी अंगणातल्या लिंबाच्या फांदीला मडकं बांधायला लावलं. वकिलानं स्वतः पावलं मोजली, सत्तरची ऐंशी केली. बेडी काढली, आश्रुबानं त्याची गोफण आणि कनवटीचा गोटा दिला. येडबानं दोन फेरे दिले. मडक्याच्या खापऱ्या लिंबाखाली पडल्या. पार्वतीबाई पायरीवर उभी होती. तिनं तेवढ्यापुरते डोळे मिटले.

मग कासाबाई आली. देशमुखाच्या घरची भाकर सोडून, डोक्यावरून पदर घेऊन, पण तोंड उघडं ठेवून. वकिलानं विचारलं, दहा वर्षं गप का होतीस? ती म्हणाली, "भेत व्हते. आता भ्यायचं वय राहिलं न्हाई." जेवणाच्या वेळी काय बोलणं झालं ते तिनं शब्दाला शब्द सांगितलं. अमीनची बदली झाली, कुठं ते कुणाला कळलं नाही. दिनकररावालाही आत घ्यायचा हुकूम निघणार, असं लोक म्हणायला लागले.

निकाल लागायच्या आत सप्टेंबर उजाडला. हिंदी फौजा आल्या, पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. तुरुंगात गोंधळ उडाला. निजामाविरुद्धच्या चळवळीत धरलेल्या माणसांना सोडायचं ठरलं. फाटकाबाहेर ताशा वाजत होता, लोक हार घेऊन आले होते. एका भल्या माणसानं, जो येडबाच्याच बराकीत चार महिने राहिला होता, त्याचा दंड धरला. "चल आमच्यात. कोण विचारतंय आज? तू पण त्यांच्या पोलिसांविरुद्धच उभा राहिलास ना?"

येडबा फाटकापर्यंत गेला. उघड्या फाटकातून त्याला गर्दी दिसली आणि गर्दीच्या पुढच्या रांगेत दिनकरराव दिसला. डोक्यावर नवीकोरी पांढरी टोपी, हातात झेंडूचा हार, तोंडानं जयजयकार. त्याचं लक्ष येडबाकडं गेलं. त्यानं हार थोडा वर केला. तुझ्यासाठीच आणलाय असं दाखवल्यासारखा. ये बाहेर, आणि मिटवून टाकू, असंच त्या डोळ्यांत होतं.

येडबानं त्या भल्या माणसाचा हात दंडावरून काढला.

"तुमी जा," तो म्हणाला. "तुमी मुलखासाठी आत आलाव. मी मानूस मारून आलोय. मी तुमच्या रांगेतून बाहेर गेलो तर तो त्याच रांगेतून सुटंल."

आणि तो मागं फिरला. नवा अंमलदार टेबल मांडून कैद्यांची नावं लिहून घेत होता. येडबा त्याच्यापुढं उभा राहिला.

"माझी जबानी परत लिवून घ्या."

"कसली जबानी?"

"खुनाची. जुनी उर्दूत हाय, हरवायची. आता मराठीत लिवा. आन ज्यानं करायला लावला तो त्या फाटकाबाहेर उभा हाय, पांढऱ्या टोपीत, डावीकडून तिसरा."

अंमलदार उठून बघायला गेला. दिनकरराव गर्दीतून मागं सरकत होता, पण मागं माणसं दाटलेली. त्याच दिवशी त्याला आत घेतलं. हार शिपायाच्या हातात राहिला.

खटला पुन्हा पहिल्यापासून चालला. पार्वतीबाई दर तारखेला बैलगाडीनं आली. येडबाला जन्मठेप झाली, दिनकररावाला दहा वर्षं. मळईतला निम्मा वाटा पार्वतीबाईच्या नावावर झाला. निकाल ऐकून ती येडबाजवळून गेली तेव्हा थांबली नाही. तिनं त्याला कधीच माफ केलं नाही, आणि त्यानंही कधी माफी मागितली नाही. पुढं कुणी तिच्यापुढं त्याचं कौतुक करायला लागलं की ती म्हणायची, "खरं बोलला. पन किशनराव आला का परत?"

येडबा तेरा वर्षांनी सुटून आला. केस पिकलेले, पाठ ताठ. आश्रुबा गेला होता, पण भावकीनं त्याच्यासाठी दहा मेंढ्या राखून ठेवल्या होत्या. दिनकरराव त्याच्या आधीच सुटला होता आणि म्हातारपणी दिवसभर आपल्या ढाळजेत बसून असायचा. रानात जायला धनगरवाड्यातून मागची वाट होती, जवळची आणि सावलीची. येडबा ती वाट घेत नसे. रोज सकाळी तो मेंढरं भर गावातून, देशमुखाच्या दारावरून न्यायचा, सावकाश. धुरळा ढाळजेत शिरायचा. आतून कुणीतरी दार लोटून घ्यायचं.

कुणी विचारलं, बाबा, एवढा फेरा कामून? तर येडबा म्हणायचा, "ही वाट माझीबी हाय."